आमटी, अवकाळी आणि खाडीचं चोपडं

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तरीही एकोणिसाव्या वर्षी, आमच्या गावापासून वडवणीच्या बाजारापर्यंत, कोकणातल्या खाडीविषयी अधिकारानं बोलू शकेल असा माझ्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. हा अधिकार मला सोळा पानांच्या एका चोपड्यानं दिला होता.

मी चोपड्यांवर आणि पत्रकांवरच वाढलो. शाळा उर्दू होती, ती चार वर्षांत सुटली. पुढचं सगळं शिक्षण पुण्याकडच्या एका नातेवाइकानं पाठवलेल्या गठ्ठ्यांतून झालं. देवीची लस का टोचावी, लग्नात बँड का वाजवू नये, विलायती साखर का खाऊ नये, रोज पहाटे गार पाण्यानं का न्हावं, हे सगळं मी वाचलं आणि सगळं अंमलात आणलं. चहाचे दुष्परिणाम वाचले त्याच दिवशी चहा सोडला. चहा आमच्या गावात अजून आलाच नव्हता, पण मी तो आधीच सोडून ठेवला.

खाडीचं चोपडं कुणा कोकणातल्या मास्तरांनी लिहिलेलं होतं. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळं मास्तर कोण ते कळायला मार्ग नव्हता. विषय एकच: खाडीच्या पाण्याची चव हवामानाप्रमाणं कशी बदलते. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं गोडं आणि खारं पाणी एकमेकांशी झोंबत असतं. उन्हाळ्यात नदी रोडावते, ऊन पाणी पिऊन टाकतं, मीठ मागं राहतं आणि खारं पाणी आत आत चढत येतं. पाऊस पडला की नदीला बळ येतं आणि खाऱ्याला ती समुद्राकडं रेटत नेते. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं जड, ते तळाशी दबा धरून बसतं. मास्तरांची भाषा मोठी आवेशाची होती. 'नदीची सत्ता क्षीण होताच पश्चिमेची खारी सत्ता निर्लज्जपणे आत घुसते,' हे वाक्य मी पारावर मोठ्यानं वाचलं, तर पोलीस पाटलांनी चोपडं दोन दिवस जप्त करून ठेवलं. परत देताना म्हणाले, पश्चिमेची सत्ता म्हणजे कोण ते सांग, नायतर हे वरती धाडावं लागंल. मी सांगितलं, समुद्र. त्यांनी समुद्र आपल्या हद्दीत येत नाही असा निर्वाळा देऊन चोपडं माझ्या हातात ठेवलं.

आता हे सगळं आमच्या घराच्या आमटीशी कसं जोडलं गेलं ते सांगतो.

आमच्या गावाला पाण्याची विहीर एकच, ओढ्याच्या काठाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला चोपण रान आहे. उन्हाळ्यात त्या जमिनीवर पांढरा खार फुलून येतो, जनावरं तो चाटतात. विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत गोड असतं आणि माघापासून मचूळ होत जातं. जन्मापासून तेच पिणाऱ्याला ते कळतही नाही. आम्हाला वाटतं, पाण्याची चव अशीच असते.

दादाचं लग्न वैशाखात झालं आणि वहिनी नांदायला आली श्रावणात. तिचं माहेर नारायणगडाच्या बाजूला, तिकडचं पाणी बाराही महिने गोड. येताना तिनं एक लहानशी पितळी वाटी आणली होती. तिच्या आईनं सांगितलेलं, पाच-सहा माणसांच्या आमटीला वाटीभर मीठ. वहिनी त्याप्रमाणं वाटी भरायची, बोटानं वरचं मीठ सपाट करायची आणि टाकायची. दिवाळीपर्यंत तिच्या आमटीची घरात वाहवा झाली. आई मात्र वाटीकडं तिरक्या नजरेनं बघायची. तिच्या मते मीठ हातानं टाकायचं असतं. वाटीनं मीठ मोजणारी बाई उद्या लेकराला दूधही तराजूवर पाजील, असं ती शेजारणीला म्हणाली होती.

माघ लागला आणि आमटी खारट होऊ लागली. वाटी तीच, मीठ तेवढंच. पाणी मचूळ झालंय हे कुणाच्या ध्यानात येईना, कारण ज्या दिवशी आई स्वयंपाक करायची त्या दिवशी आमटी ठीक असायची. आईचं म्हणणं पडलं की पोरीचं चित्त ठिकाणावर नाही, ती माहेराकडं लागलीय. चाखून बघायची सोयही नव्हती. आमच्या घरी चुलीत पहिला घास टाकून देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधणाऱ्या बाईनं जिभेला काही लावायचं नाही. आईचा हा नियम सरकारी कायद्याहून कडक होता.

फाल्गुनात एक दिवस दादानं आमटीत भाकरी कुस्करली, एक घास खाल्ला आणि ताट सरकवून उठून गेला. आईनं त्याच दिवशी वहिनीच्या माहेरी निरोप धाडला. निरोप असा होता की माहेरचा माणूस मुराळी म्हणून पाठवा. त्यानं इथं येऊन तुमच्या लेकीच्या हातचं जेवावं. आमटी नीट असली तर पाहुणचार घेऊन जावं. खारट असली तर पोरीला गाडीत घालून न्यावं आणि हात बसला की दिवाळीला आणून सोडावं. वहिनीनं हे ऐकलं आणि त्या दिवसापासून ती जेवायची बंद झाल्यासारखीच झाली. फाल्गुनात परत पाठवलेली सून दिवाळीला आली तरी गाव तिला परत पाठवलेलीच म्हणतं.

अन्याय दिसला की माझं रक्त तापतं, आणि तापलेलं रक्त मी चोपड्यांकडं घेऊन जातो. खाडीचं चोपडं पुन्हा उघडलं आणि पाचव्या पानावर मला उजेड दिसला. आमची विहीर ही खाडीच होती. ओढ्याचं गोडं पाणी आटलं होतं, उन्हानं मीठ मागं ठेवलं होतं, खारी सत्ता आत घुसली होती. वहिनीची वाटी निर्दोष होती. गुन्हेगार हवामान होतं.

मी वहिनीला परसात गाठून सगळं समजावलं आणि सांगितलं, उद्यापासून अर्धीच वाटी. शिवाय पाणी भरताना घागर खोल बुडवायची नाही, वरच्या वर हलक्या हातानं भरायची, कारण गोडं पाणी वर तरंगतं. हे दुसरं तत्त्व बायकांना नीट कळावं म्हणून मी स्वतः विहिरीवर जाऊन उभा राहिलो. तिथं पाणी भरणाऱ्या एका म्हातारीनं माझं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाली, याला दोरानं खाली सोडा गं, तळाचं कसं हाय ते चाखून यील.

पण आमटी सुधारली. पंधरा दिवस सुधारलेलीच राहिली. दादा दोनदा मागून घेऊ लागला. आईनं मात्र निरोप मागं घेतला नाही. वहिनीच्या चेहऱ्यावर जीव आला. मला वाटू लागलं की त्या कोकणातल्या मास्तरांना पत्र लिहून कळवावं, तुमच्या खाडीचा एक फाटा बीडकडं निघालाय.

मुराळी यायच्या आदल्या दुपारी आभाळ काळं झालं आणि अवकाळीची एक सर पडून गेली. घटकाभरच पडली, ओढ्यातून पिंढरीभर गढूळ पाणी वाहून गेलं आणि पुन्हा ऊन आलं. मी धावत चोपड्याकडं गेलो. आठवं पान: 'पर्जन्य होताच गोड्या पाण्याची सत्ता पुनश्च स्थापन होते.' सकाळी वहिनीला सांगितलं, आज पूर्ण वाटी. अर्धी टाकलीस तर आळणी होईल आणि पाव्हणे म्हणतील सासरी मिठालाही महाग झालीय.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, आदी पाणी चाखून बगू का? कच्च्या पाण्याला कुटं निवद लागतोय?"

तिचं म्हणणं इतकं बरोबर होतं की मला राग आला. मी तिला सांगितलं, जे छापून सिद्ध झालंय ते जिभेनं पुन्हा तपासणं हा शास्त्राचा अपमान आहे. तिनं वाटी भरली आणि बोटानं वरचं मीठ सपाट केलं.

मुराळी म्हणून वहिनीचे काका आले होते. नातवंड झाल्याशिवाय बाप लेकीच्या घरी जेवत नाही, म्हणून बापाऐवजी हे. धिप्पाड माणूस, पांढरा पटका, गाडीत पुतणीला बसायला जाड गोधडी अंथरून आणलेली. आल्या आल्या त्यांना गूळ-पाणी दिलं. गुळामुळं पाण्याची चव त्यांना कळली नाही आणि आम्ही घरातले रांजणातलं कालचं पाणी पीत होतो, म्हणून आम्हालाही कळली नाही.

पंगत बसली. वडील, दादा, काका आणि मी. आई स्वयंपाकघराच्या चौकटीआड, पदर डोक्यावर, आणि तिच्यामागं वहिनी. विहीणबाई पाहुण्याशी सरळ बोलत नाही, म्हणून आई जे बोलायचं ते मला उद्देशून बोलत होती आणि काकाही उत्तर मलाच देत होते. मी मध्ये बसून दोन्ही बाजूंना मान हलवत होतो.

काकांनी पहिला भुरका मारला. त्यांचे डोळे किंचित मोठे झाले आणि मग त्यांनी फार सावकाश गिळलं. दादानं भाकरीचा घास आमटीत बुडवायला नेला होता तो तसाच कोरडा तोंडात टाकला. मी चाखली. ती आमटी नव्हती. त्या पातेल्यात खुद्द कोकण उकळत होतं.

"पाव्हण्यास्नी इचार, आमटी कशी झाली," आई चौकटीआडून म्हणाली.

काकांनी मिशा पुसल्या. "सांग विहीणबाईला, झ्याक झालीया. आनखी वाडा मनावं."

आणि त्यांनी खरोखरच आणखी एक वाटी घेतली. घाम फुटलेला, कपाळाची शीर उभी राहिलेली, पण पुतणीसाठी तो माणूस ती आमटी प्याला. वरून तांब्याभर पाणी प्याला आणि त्यांचा चेहरा आणखीच बिघडला, कारण या पाण्यात गूळ नव्हता. वडील मान खाली घालून नुसती भाकरी चावत होते. सगळं निभावून जात होतं. आणखी दहा मिनिटं सगळे खोटं बोलत राहिले असते तर पंगत उठली असती, विडे झाले असते आणि रिकामी गाडी परत गेली असती.

पण मी सत्यावरची तीन पत्रकं पाठ केली होती. माझ्यासमोर एक धिप्पाड, सज्जन माणूस असत्याचा घोट घेत होता आणि मला ते बघवेना. मी ताटावरून उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "आमटी खारट हाय."

वहिनीच्या हातातून पळी खाली पडली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"ऐकलं का पाव्हण्यानं," आई मला म्हणाली. "घरातलंच लेकरू बोलतंय. मी तर आजून तोंड बी उगडलं न्हाई. गाडी जुपाया सांग."

दादा माझ्याकडं बघून दबक्या आवाजात म्हणाला, "कावून उठलास बे? बस की गप."

तेव्हा कुठं मला कळलं की मी काय केलं. मग मी दुसरं सत्य बोलायला लागलो, तेही उभ्यानंच. सांगितलं की मीठ मी टाकायला लावलं. पंधरा दिवस अर्धी वाटी चालली होती ती मीच सांगितली होती, आणि आज पूर्ण वाटी तीही मीच, खाडीच्या चोपड्याच्या आठव्या पानाप्रमाणं. काकांना यातलं काही समजलं नाही. त्यांनी वडिलांना हळूच विचारलं की पोराला हे नेहमीच होतं का. वडील म्हणाले, वाचलं की होतं.

दादा उठला आणि विहिरीवरून ताजी घागर घेऊन आला. वडिलांनी ओंजळ लावली, एक घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकला. मग ते म्हणाले की रानातला खार धुऊन हिरीत आलाय. खारवट रानावर हलकी सर पडली तर दुसरं काय होणार? खूप पाऊस पडला असता तर खार ओढ्यानं वाहून गेला असता. थोडा पडला, म्हणून खार नुसता विरघळून विहिरीत उतरला. इतकी साधी गोष्ट होती. कोकणातल्या मास्तरांच्या नदीला डोंगरातलं पाणी येत होतं, आमच्या ओढ्याला चोपण रानातलं. मास्तरांची काही चूक नव्हती. त्यांनी कुठंही लिहिलं नव्हतं की हे बीडकडच्या विहिरीवर चालवा.

आई मात्र हटली नाही. चौकटीआडून तिनं मला बजावलं की तीस वरसं ती याच विहिरीचं पाणी रांधते. मचूळ असो, गोड असो, खार उतरलेला असो, तिची आमटी कधी खारट झाली नाही. पाण्याचं निमित्त सांगू नये. हात असावा लागतो.

यावर काका पहिल्यांदाच थोडे ताठ बसले. मला म्हणाले, "मंग विहीणबाईच्या हातची आमटी मिळंल का आज? ह्याच पान्याची?"

आईनं तिथल्या तिथं पदर खोचला.

येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी व्हायला वेळ लागत नाही. आईनं पातेलं चढवलं, फोडणी दिली, येसर कालवून सोडलं. इथवर तिचा हात वाऱ्यासारखा चालला. मग तिनं मिठाच्या मडक्यात हात घातला आणि मान वळवून पाहिलं, तर चौकटीत आम्ही सगळे उभे होतो. वडील, दादा, मी, आणि पुतणीच्या मागं, विहीणबाई समोर असल्यानं तोंड भिंतीकडं करून, काका. वहिनीनं पितळी वाटी पुढं धरली होती. आईच्या मुठीत किती मीठ येतं ते आधी वाटीत बघावं, असं मीच सुचवलं होतं. शास्त्राला माप लागतं.

आईचा हात मडक्यातून वर आला आणि हवेत थांबला. तिनं मुठीकडं पाहिलं. थोडं मीठ मडक्यात परत टाकलं. मग वाटलं, फार टाकलं, म्हणून थोडं उचललं. पुन्हा थांबली. तीस वर्षांत तिनं या मुठीकडं कधी बघितलंच नव्हतं. पाणी मचूळ झालं की मूठ आपोआप आवळत होती, पावसाळ्यात आपोआप सैल होत होती, आणि आई तेव्हा शेजारणीशी म्हशीविषयी बोलत असायची. आता चौघांचे डोळे आणि काकांचे कान त्या मुठीवर होते आणि मुठीला काही सुचेना.

"जावा तिकडं," ती म्हणाली. "बगत ऱ्हायल्यावर कसं टाकावं मानसानं?"

कुणी हललं नाही. आईनं डोळे मिटले, मीठ टाकलं, डोळे उघडले, आणि कमी पडलं असावं या शंकेनं आणखी चिमूटभर टाकलं. मग शंकेची शंका येऊन अजून एक.

पंगत पुन्हा बसली. नैवेद्य दाखवला. काकांनी भुरका मारला आणि समोरच्या खुंटीवर नजर रोवून तो गिळला. त्या माणसाचं मला आजही नवल वाटतं. त्यानं एकाच दुपारी दोन समुद्र पोटात घेतले आणि शिवी दिली नाही.

"झ्याक झालीया," ते मला म्हणाले, पण आवाज निघता निघेना.

आई चौकटीतून सरळ माझ्याकडं बघत होती. "तू तर लई खरं बोलतूस. बोल."

मी वडिलांकडं पाहिलं, ते छपराकडं बघत होते. खरं बोलणं मघाशी जितकं सोपं वाटलं होतं तितकं आता वाटत नव्हतं. तरी म्हणालो, "वैनीच्यापरीस जास्त खारट."

आईनं पळी घेतली, तळहातावर थेंबभर आमटी घेतली आणि चाखली. आईच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. तिनं पळी खाली ठेवली, पदर नीट केला आणि मला म्हणाली, "पाव्हण्यास्नी सांग, पोरगी हितंच ऱ्हाईल. जिची आमटी खारट तिनं माहेरी जावं, आसं मीच बोललेते. मंग आता मला जावं लागतंय. गाडी आमच्या माहेराच्या वाटंनं जाती का, तेवडं इचार."

सगळ्यांना वाटलं ती रागानं बोलतेय. वडील उठून तिची समजूत घालायला गेले. पण ती रागावलेली नव्हती. ती लुगडं, फणी आणि माहेरच्या लेकीसुनांना द्यायला घरच्या तिळाचं गाठोडं बांधत होती. वडिलांना तिनं सांगितलं की सात वरसं झाली, माहेरी गेलते ते बापाच्या दिवसाला, त्यानंतर न्हाई. आणि शब्द म्हंजे शब्द. मी पत्रकांतून तत्त्वनिष्ठा शिकलो असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

काकांनी अंथरलेल्या गोधडीवर पुतणीच्या जागी विहीणबाई बसली. काका पुढं धुरेवर, तिच्याकडं पाठ करून. दोघांना सरळ बोलता येत नव्हतं आणि मध्ये बोलणारा मी गाडीत नव्हतो, तेव्हा दहा कोस ते बैलांशी बोलत गेले असावेत. वहिनी गाडीच्या चाकाशी उभी राहून रडत होती. सासू चालली म्हणून रडत होती की आपण राहिलो म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. आईनं गाडीतून वाकून तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पाणी चाखत जा आदी. कच्च्या पाण्याला निवद लागत न्हाई," ती म्हणाली. "आन् ह्याला चुलीपाशी यिऊ दिऊ नको."

काकांनी बैलांना हाक दिली. ओढा ओलांडला की पुढच्या गावची विहीर गोड आहे. गाडी तिथं बराच वेळ थांबलेली आम्हाला इथून दिसत होती.